दोन ग्रॅम जव

दत्तप्रसादनं प्रयोगशाळेत शर्मिलाला 'वहिनी' म्हटलं आणि तिच्या हातातलं माप तराजूच्या काठाला लागून टणकन वाजलं. आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या टेबलावर चाळण्या पुसत बसलेल्या ताहिरानं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. तिला मराठी येत नव्हतं, त्यामुळे काय झालं हे कळायचं तिला कारण नव्हतं. पण शर्मिलाला कळलं होतं. अठरा वर्षं ती या कंपनीत होती आणि अठरा वर्षं ऑफिसात ती 'मॅडम' होती, तो 'सर' होता. कुवेतमध्ये, एगैलातल्या तिच्या घरी गणपतीत तो बायकोमुलांना घेऊन यायचा तेव्हा दारात चप्पल काढता काढताच 'वहिनी, मोदक शिल्लक आहेत ना?' म्हणायचा, आणि तीही त्याला भावोजी म्हणायची. तो तिच्या नवऱ्याचा, अरुणचा मित्र, मूळचा सावंतवाडीचा; ही नोकरीही त्यानंच सुचवलेली. पण शुवैख बंदराजवळच्या या इमारतीत शिरलं की दोन्ही नाती पार्किंगमध्ये गाडीत राहायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. दोघांनाही बरं पडत होतं इतकंच. आणि आज बुधवारी, सकाळी पावणेनऊला, खरेदी विभागाचा मॅनेजर असलेला हा माणूस, जो वर्षातून एकदा प्रयोगशाळेत यायचा तोही मालकाला घेऊन, एकटाच आला, तिच्या समोरच्या उंच स्टुलावर बसला, वहीत लिहिलेला आकडा त्यानं उलटा वाचला आणि म्हणाला, "वहिनी, पुरे आता. हेच लिहा."

वहीत सहाशे अठरा लिहिलं होतं. बंदराबाहेर रोमानियाहून आलेली बार्लीची बोट उभी होती, अठरा हजार टन, आणि कराराचा कागद सांगत होता की या बार्लीनं लिटरचं माप भरलं तर त्याचं वजन सहाशे वीस ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. बार्ली म्हणजे आपले जवच. मेंढ्यांना घालायचे. दाणा भरलेला असेल तर मापात वजन येतं, पोचट असेल तर साल जास्त आणि पीठ कमी. खाली गेलं तर कंपनी माल नाकारू शकत होती किंवा भाव पाडून घेऊ शकत होती, आणि भाव पाडून घेण्याची घाई कुणाला आहे हे ऑफिसातल्या चहावाल्यालाही माहीत होतं. फेब्रुवारीत सौदा झाला तेव्हा बाजार चढा होता. मग काय काय झालं, कुठे पीक चांगलं आलं, कुठे चीननं खरेदी थांबवली, आणि जुलै उजाडेपर्यंत तीच बार्ली टनामागे पन्नास डॉलरनं खाली आली होती. दत्तप्रसादनं चढ्या भावात हात घातला होता. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी घाईत केलेली, हनुवटीखाली एक पांढरा पुंजका राहून गेला होता. हे पहिलंच माप आहे, नियमानं तीन घ्यायची असतात, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मी काय तुम्हाला खोटं लिहा म्हणतोय? जे आलं तेच लिहा. पुढचं घेऊ नका, एवढंच." मग उठून, चाळण्यांकडे उगाच एकदा बघून, तो गेला. दार बंद झाल्यावर एसीची घरघर एकदम मोठी वाटायला लागली.

खोटं लिहा म्हणत नव्हता हे खरंच होतं, आणि तेच वाईट होतं. खोटं लिहा म्हटलं असतं तर नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं. तिनं तळहातावर दाणे घेतले. फिकट पिवळे, टोकाशी थोडे आखडलेले. लातूरच्या मार्केट यार्डात अण्णा, तिचे वडील, मापाडी होते. दिवसभर दुसऱ्याच्या धान्याचं वजन सांगून घरी यायचे आणि अंगाला सोयाबीनचा, तुरीचा, करडईचा, जो काही हंगाम असेल त्याचा वास असायचा. शाळेतून परत येताना ती त्यांच्या आडतीवर थांबायची. पोत्यात खुपसायची पोकळ सळई असते, ती तिरपी आत घातली की नळीतून दाणे ओघळतात; कुठल्या कोपऱ्यात खुपसायची हे ज्याला कळतं त्याला बाजार कळला, असं अण्णा म्हणायचे. भाव चढा असला की व्यापारी ती सळई वरच्यावर खुपसून हसत हसत माल उचलायचे. भाव पडला की तेच व्यापारी बसकण मारून एकेक दाणा चिमटीत धरायचे. अण्णा घरी येऊन पाय धुता धुता सांगायचे, "तेजीत खडासुद्धा दाणा असतो गं, मंदीत दाणासुद्धा खडा." तेव्हा ती हसायची. पुढं रसायनशास्त्र शिकली, लग्न झालं, अरुणबरोबर इकडे आली, आणि जर्मन बनावटीचा तराजू आणि पितळी माप हातात आलं तेव्हा तिला वाटलं होतं की आता सळईचा आणि कोपऱ्याचा प्रश्न संपला. इथं यंत्र सांगणार. यंत्राला तेजी-मंदी नसते.

ते खरं नाही हे तिला २००८च्या ऑक्टोबरमध्ये कळलं होतं. त्या वर्षीही उन्हाळ्यापर्यंत भाव आभाळाला लागलेले आणि मग दोनतीन महिन्यांत खाली. तेव्हा प्रयोगशाळेचा प्रमुख यूसुफ होता, अलेक्झांड्रियाचा, साठीचा, रमझानमध्ये सगळ्यांना खजूर वाटणारा गोड माणूस. फ्रान्सहून गव्हाची बोट आली होती. ओल चौदा टक्क्यांच्या आत हवी होती आणि तेरा पॉइंट सात आली. यूसुफनं आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि तिला म्हणाला की नमुन्याच्या डब्याचं झाकण जरा उघडं राहू दे, डबा सिंकपाशी ठेव, उद्या परत मोजू. बस, एवढंच. ऑक्टोबरची समुद्राकडची दमट हवा होती. दुसऱ्या दिवशी यंत्रानं चौदा पॉइंट दोन दाखवलं आणि तिनं यंत्रानं दाखवलं ते लिहिलं. कुठेही खोटी अक्षरं नव्हती. सही तिची होती, कारण यूसुफ त्या दिवशी रजेवर गेला होता. नंतर भाव तोडून गहू उतरवला गेला आणि सगळं विसरलं गेलं. यूसुफ निवृत्त होऊन गेला, मग वारल्याची बातमी आली, आणि ती एकटीच उरली जिला ते उघडं झाकण माहीत होतं. गुन्हा म्हणावा इतकं ते मोठं नव्हतं, आणि विसरावं इतकं लहानही नव्हतं. अधूनमधून टीव्हीवर ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरलेले फ्रान्समधले शेतकरी दिसायचे, टोप्या घातलेले, लालबुंद चेहऱ्यांचे. अरुण बातम्या पाहता पाहता म्हणायचा, यांना एवढं अनुदान मिळतं तरी ओरडतातच. ती उठून आत जायची आणि धुतलेली भांडी परत धुवायची. त्यांच्यातल्या कुणाचा तो गहू होता हे तिला कधीच कळणार नव्हतं. त्यामुळे ती त्या सगळ्यांचंच थोडं थोडं देणं लागत होती.

दहा वाजता रोडिका आली. बोटीतला माल ज्या सहकारी संस्थेचा होता तिची ती सचिव. आणि स्वतः शेतकरी. मोठ्या कंपन्या अशा वेळी तपासणीला एजंट नेमतात, या लोकांनी आपल्यातलीच बाई पाठवली होती. साठीच्या पुढची, रुंद मनगटांची, उन्हानं भाजलेल्या मानेवर पातळ रुमाल. फर्वानियाच्या हॉटेलातून टॅक्सीनं येताना बाहेरच्या सत्तेचाळीस अंशांनी ती गळून गेली होती. ताहिरानं तिला ताक दिलं. ती ते एका दमात प्यायली आणि मग हळूहळू, एकेक शब्द शोधत, इंग्रजीत बोलायला लागली. करारानुसार मोजताना तिला हजर राहायचा हक्क होता. सकाळी लवकर एक माप घेतलंय हे शर्मिलानं तिला सांगितलं आणि वही फिरवून समोर धरली. सांगायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. रोडिकानं आकडा पाहिला. चेहरा हलला नाही. फक्त तिचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, दाणा चोळल्यासारखा, आणि तिच्या बोटांत दाणा नव्हता.

"यंदा दाणा बारीक आहे," ती म्हणाली. "आम्हाला माहीत आहे. आम्हीच केलाय तसा."

मग ती सांगत राहिली आणि शर्मिला ऐकत राहिली. डॅन्यूबच्या अलीकडच्या मैदानात त्यांची जमीन, काळी, सपाट, नजर पोचेल तिथवर. मागच्या वर्षी शेजारी युद्ध सुरू झालं तेव्हा धान्य महागलं आणि सगळ्यांना वाटलं, चला, आपले दिवस आले. पण गॅस त्याआधीच महागला होता, आणि युरिया गॅसपासून होतो. धान्य दीडपट झालं तर खत तिप्पट. शरदात पेरणीला तेच खत घ्यावं लागलं, म्हणून त्यांनी घातलं ते तिसरा हिस्सा कमी. पीक उभं राहीपर्यंत धान्याचा भाव उतरून गेलेला. महागाचं खत पोटात घेतलेले दाणे स्वस्तात विकायचे. त्यात शेजारच्या देशाचं धान्य त्यांच्याच रस्त्यांवरून, त्यांच्याच बंदरातून जायला लागलं. त्यांच्यावर बॉम्ब पडतायत, रागावणार कुणावर, असं ती म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा हसली. खत एक वर्ष कमी घातलं तर जमीन काही बोलत नाही, म्हणाली. तीन वर्षं घातलं नाही की बोलते. फेब्रुवारीतला हा कुवेतचा सौदा तेवढा त्यांना जमलेला. चाळीस घरं होती संस्थेत. एक बडी कंपनी मागे लागली होती की जमिनी वीस वर्षांच्या भाड्यानं आम्हाला द्या आणि घरी बसा. निम्मी घरं तयार होती, रोडिकाचा सख्खा भाऊसुद्धा. बाकीचे म्हणाले होते, ही बोट कशी जाते ते पाहू. हे तिनं गाऱ्हाणं सांगावं तसं सांगितलं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, आणि मग गप्प बसली, कारण मोजणाऱ्या बाईला जास्त सांगणं बरं नव्हे हे तिलाही कळत असणार.

शर्मिलानं दुसरं माप भरलं. नळीत दाणे ओतायचे, खालची पट्टी ओढायची, दाणे एकदम मापात कोसळतात. मग वरून पातं सरकवून जास्तीचे कापायचे आणि वजन करायचं. सहाशे तेवीस. तिसरं, सहाशे बावीस. सरासरी सहाशे एकवीस. झालं होतं. लिहायचं आणि सही करायची. पण तिचं पेन वहीवर टेकलं तसं तिला एकदम शंका आली की पातं सरकवताना आपला हात कुठल्या बाजूनं होता. पहिल्या मापाला तिला काहीच ठाऊक नव्हतं, हात मोकळा होता, आणि आले सहाशे अठरा. नंतरच्या दोन मापांना समोर ती रुंद मनगटं होती, चाळीस घरं होती, दत्तप्रसादचा राग होता, २००८ होतं. हात जरासा सैल पडला असेल. ओतताना नळीला जरासा धक्का दिला असेल, दाणे दाबून बसावेत म्हणून. अण्णांची सळई. कुठल्या कोपऱ्यात खुपसायची हे हाताला कळतं, मालकाला कळतही नाही. एका बाजूला चोरी केली म्हणून पंधरा वर्षांनी दुसऱ्या बाजूला चोरी करायची, आणि त्याला फेड म्हणायचं? तिला आपल्या दोन्ही हातांची किळस आल्यासारखी झाली. ती उठून सिंकपाशी गेली, हात धुतले, थंड नळातून गरम पाणी येत होतं. परत येऊन तिनं रोडिकाला सांगितलं की ही तिन्ही मापं मी रद्द करते आहे. रोडिकानं कारण विचारलं नाही. पण रुमालाची गाठ तिनं सोडली आणि पुन्हा बांधली.

ताहिरा बावीस वर्षं दाणे चाळत होती. हैदराबादची, पन्नाशीची, कमी बोलणारी. कुठली बोट कुठून आली याचं तिला काही पडलेलं नसे. शर्मिलानं आत जाऊन तीन वेगवेगळ्या बोटींच्या मालाचे पंधरा डबे भरले, त्यांतले पाच रोमानियाचे, वर नुसते आकडे घातले, आकड्यांची यादी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि ताहिराला हिंदीतून म्हणाली, "ये पंद्रह नाप लेके लिख दो, मैं बाहर बैठती हूँ." बाहेर व्हरांड्यात ती आणि रोडिका प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसल्या. समोर धान्याचे उंच सायलो, त्यापलीकडे पांढरट समुद्र, इतका पांढरट की पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. उन्हाळ्यात उघड्यावरच्या कामाला दुपारची सरकारी बंदी असते, ती अकराला सुरू होते. माणसं एकेक करून सावलीत येत होती. शर्मिलाला वाटलं, इतकी शांत मी कितीतरी दिवसांत बसले नाही. जे येईल ते येईल. सहाशे एकोणीस आलं तर एकोणीस लिहायचं आणि या बाईच्या तोंडावर सांगायचं. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, की तेही ती करू शकली असती. पाऊण तासानं ताहिरानं दार उघडलं. शर्मिलानं यादी काढून जुळवलं. सहाशे बावीस, वीस, एकवीस, बावीस, एकवीस. तिनं सरासरी दोनदा काढली. सहाशे एकवीस पॉइंट दोन. एक ग्रॅम आणि वर थोडं. रोडिकाला आकडा दाखवल्यावर ती नुसती हं म्हणाली.

गुरुवारी सकाळी अहवाल टाइप करून, सही करून, शिक्का मारून शर्मिला तो दत्तप्रसादच्या खोलीत घेऊन गेली. त्यानं वाचला. ती उभीच राहिली. बस म्हणायला तो विसरला. या बोटीचा भाव पाडून घेऊ असं आपण मालकाला सांगून बसलोय, हे त्यानं थोडक्यात सांगितलं. सौदा त्याचा होता. मालकानं त्याला विचारलं होतं की तुला कशासाठी ठेवलंय. मग तो टेबलावरचा स्टेपलर इकडून तिकडे सरकवत म्हणाला, "तुमचा अकामा पुढच्या महिन्यात ना?" धमकी दिल्यासारखं नव्हतं. स्वतःच्याच घराचं भाडं आठवावं तसं तो म्हणाला, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. राहण्याचा परवाना कंपनीच्या हातात. कंपनीनं नूतनीकरण केलं नाही की सामान बांधायचं. तीन वर्षांपूर्वी अरुणची नोकरी गेली तेव्हा त्यांनी तसंच सामान बांधलं होतं, अर्धं. तो आणि मुलगी उर्वी पुण्याला गेले आणि ती राहिली, उर्वीचं शिक्षण होईतो. तिला विचारायचं होतं, भावोजी, उर्वीच्या बारशाला पाळण्याची दोरी तुम्ही धरली होतीत ना? विचारलं नाही. ती म्हणाली, "सर, पंधरा मापं ताहिरानं घेतलीत. कुठलं कशाचं हे तिला माहीत नव्हतं. मलाही हाच आकडा घ्यावा लागला." दत्तप्रसादनं अहवाल ड्रॉवरमध्ये टाकला आणि रविवारी बघू म्हणाला.

शुक्रवार, शनिवार सुट्टी. शुक्रवारी दुपारी तिनं पुण्याला फोन लावला. आधी उर्वी आली. हाऊ आर यू, हॅव यू ईटन, म्हणाली. कुवेतमध्ये जन्मलेली मुलगी, आईशी इंग्रजीत बोलायची आणि बापाशी भांडताना मराठीत. मग अरुण आला. शर्मिलानं बोटीचं सांगितलं, दत्तप्रसादचं सांगितलं, आणि ते सांगता सांगता मध्येच यूसुफचं, सिंकचं, झाकणाचंही सांगून टाकलं. ठरवलं नव्हतं. एखादी पिशवी उचलावी आणि खालून फाटलेली निघावी तसं सगळं खाली पडलं. मग अरुण म्हणाला, "दोन हजार आठ. दिवाळीच्या आधी ना? तू आठवडाभर जेवत नव्हतीस. मला वाटलं, अण्णांच्या आजारपणामुळं."

"तुमच्या लक्षात होतं?"

"लक्षात होतं. कारण चुकीचं धरलं होतं." मग म्हणाला, "दत्त्याला मी फोन करत नाही. तुझं तू केलंयस ते बरोबर आहे. काढलं तर निघून ये, दुसरं काय. उर्वीचं एक वर्ष राहिलंय, ते कसंही निघेल."

त्यानं एवढंच म्हटलं आणि पुढे गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल बोलायला लागला. फोन ठेवल्यावर शर्मिला जमिनीवरच बसली, सोफ्याला टेकून. एसीचं वारं पायावर येत होतं. खाली बकाल्यावर, किराणा दुकानात, कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरवत होतं. पंधरा वर्षं तिनं जे पोटाशी धरलं होतं ते ऐकून या माणसाला धक्का बसला नव्हता, तो तिला नीट ओळखत होता, फक्त एका जागी त्याचा अंदाज चुकला होता. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती झोप. ती तिथंच, गालिच्यावर, हाताची उशी करून झोपली आणि उठली तेव्हा संध्याकाळची, मगरिबची बांग होत होती, गालावर गालिच्याची नक्षी उमटली होती.

रविवारी काहीच झालं नाही. अहवाल ड्रॉवरमध्येच होता, बोट बाहेर उभीच होती, आणि रोडिका रोज हॉटेलातून फोन करून नम्रपणे विचारत होती की कागद निघाला का. वरून यायचाय, एवढंच शर्मिलाला सांगता येत होतं. सोमवारी बातमी आली की काळ्या समुद्रातून जाणाऱ्या धान्याचा करार रशियानं मोडला. मंगळवारी गहू चढला, मका चढला, त्यांच्यामागून बार्ली चढली. बुधवारी आणखी चढली. खालच्या मजल्यावर फोन खणखणत होते. कुणी म्हणत होतं, आता महिनाभर एक बोट मिळायची नाही. आणि ती एक बोट आठवडाभर दारात उभी होती, भरलेली. शर्मिलानं हे सगळं प्रयोगशाळेत बसून ऐकलं आणि तिला प्रथम हायसं वाटलं. मग मागोमाग जरासा राग आला. म्हणजे तिनं केलं ते केलं नसतं तरी चाललं असतं. अठरा लिहिलं असतं तरी आज बोट आतच आली असती. बाजारानं येऊन तिच्या हातातलं पातं काढून घेतलं होतं आणि जास्तीचे दाणे स्वतःच कापले होते. पण असं मनात आलं आणि तिला हसूही आलं. गुरुवारी तिनं सही केली तेव्हा बाजार झोपलेला होता आणि ती जागी होती, हे तर कुणी बदलू शकत नव्हतं.

त्याच बुधवारी अकराच्या सुमाराला दत्तप्रसाद आला. हातात तोच अहवाल होता. चेहरा चार दिवसांनी झोपलेल्या माणसाचा. माल उत्तम आहे, मालक खूश आहे, संध्याकाळपासून उतरवायला सुरुवात, असं तो भराभर म्हणाला. मग कागद तिच्यासमोर ठेवून, तारखेवर बोट टेकवून, एवढी तारीख आजची करून द्या, म्हणाला. हा आठवडाभर ड्रॉवरमध्ये का होता असं मालकानं विचारलं तर पंचाईत. कागद तोच, आकडा तोच, फक्त तारीख. शर्मिलानं कागदाकडे पाहिलं. मागणी छोटी होती. गेल्या आठवड्यातल्या मागणीपेक्षा कितीतरी छोटी, आणि या माणसाचं त्यात खरंच भलं होतं, आणि तो तिच्या घरचा होता. तिला त्याची दयाही आली. गेल्या बुधवारी सकाळी त्याची पाठ जशी दारातून गेली होती तशीच आज गेली तरी चालेल असं तिला वाटलं, आणि भीती शोधूनही सापडेना.

"तारीख राहू दे," ती म्हणाली. "सही गुरुवारी झालीय. मालकांनी विचारलं तर सांगा, रविवारी बघायचं ठरलं होतं आणि राहून गेलं. माणसाकडून राहतं."

त्यानं मान हलवली, हो म्हणायची की नाही म्हणायची ते न ठरवता, आणि कागद घेऊन गेला. दुपारी रोडिकाला अहवालाची प्रत गेली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघी धक्क्यावर भेटल्या. बोट आत आली होती. जाड नळ्या पोटात घालून बार्ली ओढली जात होती आणि बाजूच्या ट्रकांमध्ये पडत होती. ट्रक भरले की ताडपत्री ओढून जहराकडे निघत होते, तिकडच्या मेंढ्यांसाठी. हवेत भुशाची पिवळी धूळ होती. ती नाकात गेली तसा शर्मिलाला आडतीवरचा वास आला आणि तिनं तो पोटभर घेतला. रोडिकानं घरी कळवलं होतं. भावानं फोनवर काय म्हटलं ते तिनं सांगितलं नाही. यंदाची पेरणी आम्ही करतो आहोत, एवढं सांगितलं. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. भाव असाच राहणार नाही, महिन्याभरात खाली येईल, हेही ती म्हणाली, अगदी सहज.

मग तिनं पर्समधून अहवालाची घडी काढली. उजेड कमी होता, चष्मा वर करून तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. आकड्यावर तिची नजर थांबली नाही. खाली, सहीच्या शेजारी, जिथं तारीख होती तिथं तिचं जाड बोट येऊन टेकलं. ती मनातल्या मनात काहीतरी मोजत असावी. ओठ हलत होते. भाव मंगळवारी हलला होता, सही त्याआधीची. तिनं वर पाहिलं, शर्मिलाकडे.

"गुरुवार," ती म्हणाली.

"हो," शर्मिला म्हणाली. "गुरुवार."

रोडिकानं कागदाची पुन्हा नीट घडी घातली. नळ्यांचा आवाज इतका होता की याहून जास्त काही बोलायचं तर ओरडावं लागलं असतं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, अंगावर भुसा घेत, पुढचा ट्रक भरेपर्यंत.